एकोणतीस नंबरचा बिल्ला

पहिल्याच दिवशी आम्ही दोघं अडकलो. जहाज जुनं आणि लहानसं. केबिनींसमोरचा पॅसेज इतका अरुंद, की समोरून कुणी आलं तर एकाने भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. मी राहत नाही. मी दातांची डॉक्टर आहे, लोकांनी माझं ऐकायची मला सवय आहे.

तोही हलेना.

"जरा मागे सरता का?" मी म्हटलं.

"सरलो असतो... पण मग तुम्ही लगेच निघून जाल."

मी हसले नाही — म्हणजे त्याच्या देखत नाही.

या जहाजावर कार्ड-बिर्ड भानगड नव्हती. शिडीजवळ एक लाकडी फळा, त्यावर प्रत्येक प्रवाशाचा पत्र्याचा बिल्ला. किनाऱ्यावर जाताना तो लाल बाजूला फिरवायचा, परत आलं की पांढऱ्या. सगळे पांढरे झाले की नांगर वर! हा गृहस्थ परत आल्यावर फिरवायला हमखास विसरायचा. मग भोंग्यावरून पुकारा व्हायचा, "एकोणतीस नंबर, जहाजावर असाल तर कृपया बिल्ला फिरवा!" सगळा डेक खो खो हसायचा. माझ्यासोबत प्रवासाला आलेल्या मावशीने त्याचं नावच 'एकोणतीस' ठेवलं.

"लोकांच्या जमिनी मोजतो म्हणे," ती म्हणायची, "आणि स्वतःचा ठावठिकाणा नाही!"

पण चहाच्या टेबलावर जहाज कललं की घसरणारी बशी तो बोलता बोलता हाताने थोपवायचा. फक्त माझी. मावशीची दोनदा खाली गेली.

पाच दिवस असे गेले. सहाव्या दिवशी मला कळलं, की तो उद्या सकाळच्या बंदरात उतरणार. तिथे त्याची नवी नोकरी होती. आम्ही पुढे जाणार होतो. म्हणजे बोलायचं तर आजच! संध्याकाळच्या चहाला सरळ विचारायचं, असं मी ठरवून टाकलं. कुणी विचारील म्हणून ताटकळत बसणं माझ्या स्वभावात नाही.

दुपारी जहाज एका बेटापाशी थांबलं. होड्यांतून किनाऱ्यावर उतरलो, तेव्हा त्याने विचारलं, "परत कुठल्या होडीने?"

"शेवटच्या," मी म्हटलं.

पण मावशीचे गुडघे कुरकुरायला लागले आणि आम्ही आधीच्याच होडीने परतलो. फळ्याजवळच्या खुंटीवर त्याची टोपी लटकत होती, आणि एकोणतीस लालच! टोपी इथे म्हणजे स्वारी परतलेली, बिल्ला पुन्हा विसरला वाटतं... आज शेवटच्या दिवशी तरी त्याचं हसं नको, म्हणून मीच बिल्ला फिरवला. मनातल्या मनात जरा लाजलेसुद्धा.

चहा आला. नांगर उचलल्याचा खडखडाट झाला. त्याची खुर्ची रिकामीच.

"टोपी तर खाली आहे," मी मावशीला म्हटलं.

"असेल! उतरतानाच विसरून गेला असणार. बाजारात बोडक्यानेच हिंडत होता की."

मी धावत सुटले ती थेट कप्तानासमोर.

"जहाज थांबवा. एकोणतीस नंबर किनाऱ्यावर राहिलेत."

"फळा तर सगळा पांढरा आहे, बाई."

"तो मी फिरवला."

"दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात का लावलात? कोण लागतात ते तुमचे?"

"अजून कुणी नाही. तुम्ही थांबलात तर लागतील."

कप्तानाने मला चांगलंच झापलं. मी मुकाट्याने ऐकून घेतलं, चूक माझीच होती. पण होडी खाली सोडली गेली, आणि तिच्यात सगळ्यात आधी मी बसले.

तो धक्क्यावर उभा होता. उन्हाने लालबुंद. मला बघून त्याच्या जिवात जीव आला.

"अहो, कुठे होतात तुम्ही?" उलट तोच ओरडला. "शेवटची होडी म्हणालात. होडी आली, तुमचा पत्ता नाही! शोधत बाजारभर फिरलो... परत येतो तर होडी गेलेली."

"म्हणजे माझ्यासाठी जहाज चुकवलंत?"

"तुम्हाला इथे एकटीला टाकून जाणार होतो की काय?"

मग मी बिल्ल्याचं सगळं सांगून टाकलं.

"रागवायचं तर रागवा," मी म्हटलं, "पण आधी ऐका. तुम्ही मला आवडता. उद्या उतरून गेलात तरी आवडणार आहात. तेव्हा उतरल्यावर पुढे काय करायचं, ते आत्ताच ठरवू या."

तो हळूच म्हणाला, "माझ्या नोकरीच्या गावात दातांचा डॉक्टर नाही... चौकशी केलीय मी."

"कधी?"

"परवा."

"परवा! आणि मला सांगणार कधी होतात?"

"आज... होडीत. म्हणून तर कुठली होडी ते विचारलं."

खलाशी हसू दाबत वल्हं चाचपत होता. मी एकोणतीसचा हात धरून त्याला होडीत बसवलं आणि जहाज येईपर्यंत सोडला नाही. वर कठड्याला मावशी, कप्तान आणि अख्खं जहाज ओणवं होऊन बघत होतं. बघेनात का!