पेट्रोल पिणारी चिमणी

"पाइप लावूया!" भोंगा म्हणाला.

भोंग्याने कितीही हळू बोलायचं ठरवलं, तरी त्याचा आवाज हँगरच्या पत्र्यावर आपटून परत यायचा. "लावूया... वूया..." असं दोनदा ऐकू आलं आणि शंकाने घाईघाईने इकडेतिकडे पाहिलं.

"अरे हळू! आत्या काय सांगून गेलीय? पंखांवर पाइप मारायचा नाही. ओल्या फडक्याने पुसायचं."

"आत्या आहे कुठे? गेली शहरात, उद्या दहाच्या बसने येणार. आणि ही पक्ष्यांची घाण बघ! दगडासारखी वाळलीय. फडक्याने पुसत बसलो, तर पुढच्या सुट्टीपर्यंत काम पुरेल आपल्याला!"

शंकाचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटाबाहेर कुणी वापरत नसे. "मला एक शंका आहे" असं म्हटल्याशिवाय तिचा तास सुटायचा नाही, म्हणून ती शंका. भोंगा तिच्या शेजारी राहणारा आणि तिच्याच वर्गातला. तिसरा तिचा धाकटा भाऊ, वय वर्षं सात. प्रत्येक बसमध्ये कंडक्टर त्याच्याकडे बोट दाखवून "हा अर्धा का?" असं विचारायचा, म्हणून तो अर्धा. या नावाचा त्याला भयंकर राग होता. पण राग आला की तो आणखीच अर्धा दिसायचा, त्यामुळे नाव काही सुटेना.

तिघं सुट्टीत शंकाच्या आत्याकडे आले होते. आत्या विमानं दुरुस्त करायची! फार मोठी नाहीत. एका इंजिनाची, चार खुर्च्यांची, उडायला शिकवणाऱ्या शाळेची दोन छोटी विमानं. एक धावपट्टी, विमानं ठेवायचा एक पत्र्याचा हँगर, बाजूला पाण्याचा नळ आणि भोवती गवताचं रान. आत्याची मुलगी, म्हणजे ताई, इथेच उडायला शिकत होती. आणि आता ती पहिल्यांदाच एकटी उडणार होती! ते विमान चकाचक करायचं काम या तिघांकडे आलं होतं.

"पाच मिनिटं फक्त," भोंगा म्हणाला. "ताईसाठी!"

शंकाने मान हलवली. ती 'नाही' म्हणून हलवायची होती, पण कशी कोण जाणे, 'हो' म्हणून हलली.

मग काय विचारता! पाण्याचा फवारा उडाला, अर्धा "धबधबा, धबधबा!" करत नाचला. सगळ्यात जास्त घाण डाव्या पंखावर, पेट्रोलच्या टाकीच्या गोल झाकणाभोवती साचली होती. भोंग्याने तिथे नेम धरून पाणी मारलं. पाच मिनिटांची पंधरा मिनिटं झाली. नंतर तिघांनी पंख असे कोरडे पुसले, की पाण्याचा थेंबसुद्धा साक्षीला उरला नाही. अर्ध्याला हँगरच्या कचऱ्याच्या डब्यात दोरा लावलेलं एक लाल पुठ्ठ्याचं कार्ड सापडलं. ते त्याने पदक म्हणून गळ्यात घातलं.

विमान आरशासारखं चमकत होतं. शंका मात्र राहून राहून त्या झाकणाकडे बघत होती. आत्याने 'का' ते सांगितलं नव्हतं. आणि ती कारणाशिवाय काही सांगत नसे.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला तिघं पिवळ्या रेघेमागच्या बाकावर बसले होते. ती रेघ ओलांडायची नाही, हा आत्याचा पहिल्या दिवसाचा पहिला नियम. विमानाच्या नाकावरचा पंखा फिरायला लागला की दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याच्या जवळ जायचं नाही.

दुसरा नियम अर्ध्याला फार आवडला होता. इंजिन सुरू करण्याआधी वैमानिकाने खिडकीतून ओरडायचं, "समोर मोकळं?" मैदानावरच्या माणसाने सगळीकडे बघून उत्तर द्यायचं, "मोकळं!" आणि तेव्हा कुणीही, अगदी सात वर्षांच्या मुलानेसुद्धा "थांबा" म्हटलं, तर थांबायचं. कारण विचारायचं. ते पटेपर्यंत इंजिन बंद!

"मी म्हटलं तरी?" अर्ध्याने तेव्हा विचारलं होतं.

"तू म्हटलंस तरी. पण उगाच म्हणालास तर रात्रीची भांडी तुझी," आत्या म्हणाली होती.

आता विमानाभोवती ताई आणि चालतंयकाका फिरत होते. काका उडायला शिकवायचे. माणूस मोठा दिलदार. हजारो तास आकाशात काढलेले, खिशात मुलांसाठी कायम बिस्किटं. दोष म्हणाल तर एकच: दार करकरतंय? चालतंय! खुर्चीचा पट्टा अडकतोय? चालतंय! आत्या आणि त्यांची यावरून रोज जुंपायची.

"ऐका रे पोरांनो," काका बाकापाशी येऊन कुजबुजले. "आत्या समजते, ताई उद्या उडणार. पण वारा आज कसा छान पडलाय! आधी मी दोन फेऱ्या ताईबरोबर मारतो, मग तिला एकटीला सोडतो. दहाला तुमची आत्या बसमधून उतरेल, वर बघेल, आणि लेक एकटी आकाशात! कशी आहे गंमत?"

"झकास!" भोंगा ओरडला. लांबच्या तारेवरचे चार पक्षी उडाले.

"काका, डावी टाकी राहिली!" ताईने हाक मारली.

"तू उजवी बघ, डावी मी बघतो. आटप लवकर!"

हे तपासणं मुलांना माहीत होतं. पंखाच्या पोटाला एक छोटी तोटी असते. तिथून काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढायचं. पाणी जड, ते तळाला बसतं. टाकीत पाणी शिरलं असेल, तर तेच आधी बाहेर येतं. मग बाटलीत खाली पाणी, वर पेट्रोल आणि मधे स्वच्छ रेघ दिसते. विमानाच्या पेट्रोलात, ओळखू यावं म्हणून, फिकट निळा रंग घातलेला असतो.

ताईने आपली बाटली पाहिली आणि उजवीकडच्या सिमेंटवर रिकामी केली. काकांनी डाव्या पंखाखाली बसून बाटली भरली, निळ्याभोर आकाशाकडे धरली, एक डोळा मिटला. "रेघ नाही, कचरा नाही. काचेसारखं साफ!" आणि त्यांनीही ती डावीकडच्या सिमेंटवर उडवली.

दोघं आत बसले. दारं लागली. शंका बघत राहिली. उजवीकडचा ओला डाग बघता बघता आक्रसला आणि दिसेनासा झाला; पेट्रोल असंच चटकन उडून जातं. डावीकडचा होता तस्साच होता. शंकाने मनात तीस आकडे मोजले. तरी तस्साच!

तेवढ्यात नळावरची एक चिमणी टुणटुणत आली. डागाच्या काठाशी थांबली. मान वाकडी करून तिने चोच बुडवली, वर केली. पुन्हा बुडवली.

"भोंग्या," शंका म्हणाली, "चिमणी पेट्रोल पिते का रे?"

"वेडी का काय? माझे बाबा स्कूटरचं झाकण उघडतात तर मला शिंका येतात!"

"मग ही काय पितेय?"

भोंग्याने चिमणीकडे पाहिलं. मग डागाकडे. मग डाव्या पंखाच्या झाकणाकडे. त्याचं तोंड उघडं राहिलं आणि पहिल्यांदाच त्यातून काही आवाज आला नाही.

बोलायचं तर पाइपाचं सगळं सांगावं लागणार. मग आत्या हँगरमध्ये पाऊल टाकू देणार नाही. सुट्टी संपली! ताईचा दिवस वाया जाईल तो वेगळाच. आणि शंका खोटी निघाली तर? पण खरी निघाली तर ताई वर असेल.

"समोर मोकळं?" खिडकीतून ताईचा आनंदी आवाज आला.

शंकाने ओरडायला तोंड उघडलं, पण घशातून नुसती हवा आली. तिने भोंग्याचा दंड घट्ट धरला. "बोल! थांबा म्हण!"

"थांबाऽऽऽ!"

असा आवाज त्या मैदानाने कधी ऐकला नसेल. चिमणी उडाली. पत्रा थरथरला. अर्ध्याने कानात बोटं घातली. विमानाचं दार उघडून काका खाली उतरले, मागोमाग ताई.

"कोण म्हणालं थांबा? कारण?"

"काका," शंका म्हणाली, "चिमणी पेट्रोल पीत होती."

काका पोट धरून हसले. "अगं बाई, चिमण्या पेट्रोल पीत नाहीत!"

"तेच तर म्हणतेय मी!"

"मी स्वतः बघितलं ना? रेघ नव्हती. साफ होतं. चालतंय!"

आता मागे फिरणं नव्हतं. शंकाने एका दमात सांगून टाकलं. "काका, काल आम्ही पंखांवर पाइप मारला. आत्या नको म्हणाली होती तरी. सगळ्यात जास्त पाणी डाव्या झाकणावर मारलं. मी हो म्हटलं होतं."

"कल्पना माझी होती," भोंगा त्याच्या मानाने अगदी हळू म्हणाला.

काकांचं हसू मावळलं. "पाइप? त्या झाकणावर?" त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "पण... पण रेघ नव्हती..."

"सगळंच पाणी असेल तर रेघ येणार कुठून?" शंका म्हणाली. "आणि तुम्ही बाटली आकाशापुढे धरलीत. आकाशापुढे सगळंच निळं दिसेल! एकदा पांढऱ्यापुढे धरा ना. अर्ध्या, इकडे ये!"

अर्ध्याचा शर्ट पांढराशुभ्र होता, निदान सकाळी तरी. तो छाती पुढे काढून उभा राहिला. ताईने दोन बाटल्या आणल्या. उजव्या टाकीची शर्टापुढे धरली: फिकट निळी. डाव्या टाकीची धरली आणि पलीकडे दिसला नुसता पांढरा शर्ट आणि कालच्या चिखलाचा एक डाग.

ताईने बाटली शर्टाच्या आणखी जवळ नेली.

"ते पदक मधे येतंय," शंका म्हणाली. तिने अर्ध्याच्या गळ्यातलं लाल कार्ड बाजूला केलं. ते उलटं झालं आणि मागे आत्याचं ठसठशीत अक्षर दिसलं. शंकाने मोठ्याने वाचलं, "डाव्या टाकीचं झाकण. रबरी रिंग तडकली आहे. नवी बसवेपर्यंत हे विमान उडवू नये."

"कचऱ्याच्या डब्यात होतं," अर्धा म्हणाला. "मी चोरलं नाही!"

"तू नाही रे बाळा." काका हळूहळू विमानाच्या चाकाशी बसले. "मीच काढून टाकलं. म्हटलं, पावसाचा पत्ता नाही, एवढ्याशा चिरेतून पाणी कुठून येणार? चालतंय."

ताईने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ती ओरडली असती, तर काकांना बरं वाटलं असतं.

---

दहाच्या बसमधून आत्या उतरली. हातात छोटी पुडी होती, तिच्यात दोन नव्या रबरी रिंगा. कुकरच्या झाकणाला असते तशाच, पण जेमतेम बांगडीएवढ्या. आकाशात तिला काहीच दिसलं नाही. जमिनीवर मात्र पाच जणांची माना खाली घातलेली रांग दिसली.

शंकाने सगळं सांगितलं. काकांनी आपलं आपण सांगितलं, काहीही न लपवता. आत्याने डाव्या तोटीखाली बाटली धरली. एक, दोन, तीन... सातव्या बाटलीत कुठे निळं दिसलं.

"इंजिन सुरू झालं असतं," ती म्हणाली. "नळीत चांगलं पेट्रोल असतंच. दोन-तीन मिनिटं छान चाललं असतं. मग वर, झाडांच्या थोडं वर, बंद पडलं असतं." तिने ताईला जवळ ओढलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

मग ती मुलांकडे वळली. "पाइप मारलात, ही चूक. दोन दिवस हँगरचा झाडू तुमचा. 'का' ते मी सांगितलं नाही, ही माझी चूक. शिक्षा होईल हे माहीत असून थांबा म्हणालात..." तिने शंकाच्या केसांवरून तेलकट हात फिरवला. "इथे वीस वर्षं काम केलेल्या माणसांनाही हे जमत नाही गं. मला तुमचा अभिमान वाटतो."

"मी शर्ट दिला!" अर्धा म्हणाला.

"शर्टाशिवाय तर काहीच सिद्ध झालं नसतं," काका म्हणाले आणि खिशातली सगळी बिस्किटं त्यांनी त्याच्या ओंजळीत ओतली. "आणि पोरांनो, आजपासून मला चालतंयकाका म्हणायचं नाही."

"मग काय, थांबाकाका?" भोंग्याने विचारलं.

आत्यासुद्धा हसली, पण काकांना नाही सोडलं. पुढचे आठ दिवस ते विद्यार्थ्यासारखे तिच्या मागे फिरणार होते, आणि प्रत्येक बाटली अर्ध्याच्या शर्टापुढे धरणार होते.

टाकी पूर्ण रिकामी करून धुतली, वाळवली, भरली. नवी रिंग बसली. आत्याने स्वतः अर्ध्याच्या गळ्यातलं कार्ड सोडवून खिशात घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पुन्हा पडला होता. काकांनी ताईबरोबर दोन फेऱ्या मारल्या, विमान थांबवून इंजिन बंद केलं आणि ते खाली उतरले. आत आता ताई एकटीच. आत्या पिवळ्या रेघेमागे मुठी आवळून उभी होती.

"समोर मोकळं?" ताईने खिडकीतून विचारलं. ती आत्याकडे बघत नव्हती, काकांकडेही नाही. ती शंकाकडे बघत होती.

भोंग्यानेही तोंड मिटून घेतलं. शंकाने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सकाळी रिकाम्या केलेल्या बाटल्यांचे दोन्ही डाग कधीच उडून गेले होते. चिमणी नळावर होती, नळाचंच पाणी पीत होती. शंकाने अगदी सावकाश सगळं पाहिलं आणि कुणीही तिला घाई केली नाही. मनात एकही शंका उरली नाही, तेव्हा तिने दोन्ही हात तोंडाशी नेले.

"मोकळंऽऽऽ!"

ती एवढ्या जोरात ओरडली, की भोंग्यानेच कानांवर हात ठेवले.