पैलवानांचे कान

इचलकरंजीच्या रस्त्यांवर त्या काळी एकही माणूस कुरूप दिसत नव्हता, निदान कापडावर तरी. प्लॅस्टिकचं फ्लेक्स बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. वाढदिवस, लग्न, निवडणूक, श्रद्धांजली, सगळं आता सुती कापडावर छापलं जाई आणि काम झालं की त्याच कापडाच्या पिशव्या शिवल्या जात. भाजी आणायला निघालेल्या माणसाच्या हातात कुणा नगरसेवकाचं अर्धं हसू लोंबकळत असे. त्याचं कुणाला काही वाटत नसे, कारण ते हसू छान असे.

पद्मजा शिरगुप्पे यांचं छपाईचं दुकान जुन्या मागांच्या शेडमध्ये होतं. बारा फुटी यंत्र, त्यावर रुळासारख्या दांड्यावरून इकडून तिकडे धावणारी गाडी आणि त्या गाडीत बसवलेलं हेड. छपाईचा सगळा जीव या हेडमध्ये. त्याच्या तळाशी केसाहून बारीक अशी हजारो छिद्रं असतात आणि प्रत्येक छिद्रामागे एक स्फटिक. विजेचा झटका बसला की स्फटिक किंचित वाकतो आणि शाईचा एक थेंब खाली फेकतो. छिद्र बुजलं की चित्रावर पांढरी रेघ उठते आणि गिऱ्हाईक कापड परत करतं.

या रेघेवर उपाय म्हणून पुण्याच्या एका प्रयोगशाळेत डॉ. नौशाद मोमीन यांनी शिकाऊ हेड तयार केलं होतं. त्याला स्वतःचा डोळा होता, म्हणजे छापलेलं कापड पाहणारा बारीक कॅमेरा. कुठलं कापड गिऱ्हाइकाने नेलं आणि कुठलं पुन्हा छापावं लागलं, हे त्याला कळे. त्याचे स्फटिक साधे नव्हते. नाकारलेल्या प्रत्येक छपाईची अगदी पुसटशी सवय त्यांच्यात उरे. मोमीनांनी या सवयीला ‘पसंतीठसा’ असं नाव दिलं होतं. एक छिद्र बुजलं की शेजारची छिद्रं आपणहून त्याची जागा भरून काढत. रेघा गेल्या, कापड परत येणं थांबलं आणि दोनेक वर्षांत गावातल्या सगळ्या दुकानांतली यंत्रं या हेडवर आली.

वैजयंता मगदूम पद्मजाच्या दुकानात आली ती वडील हरवले म्हणून. बाळगोंडा मगदूम हे एके काळचे नावाजलेले पैलवान. आता वय झालं होतं आणि आठवण दगा देत होती. सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडले ते परतलेच नाहीत. पोलिसांत कळवून झालं, नातेवाइकांकडे विचारून झालं. वैजयंताने हल्लीचाच एक फोटो दिला. पद्मजाने पैसे न घेता कापडं छापून दिली आणि ती मिरज, कुरुंदवाड, पार सीमेपलीकडे कागवाडपर्यंत लागली. लोकांनी त्या कापडांचेच फोटो काढून फोनवरून पुढे पाठवले. कुठूनही काही कळलं नाही. वैजयंता रोज येऊन आणखी कापडं नेत होती. तिचं जेवण सुटलं होतं. आपणच दार उघडं ठेवलं, एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगे.

नेमके त्याच आठवड्यात डॉ. मोमीन दुकानात आले. ते मूळचे याच गावचे, विणकरांच्या घरातले. आपली हेडं कशी चालली आहेत हे बघत ते गावोगाव फिरत. पद्मजाने चहा मागवला. टेबलावर बाळगोंडांचा फोटो होता आणि बाजूला नुकतंच छापलेलं कापड वाळत होतं. मोमीनांनी दोन्हींकडे पाहिलं आणि सहज विचारलं,

“हे दोघं भाऊ का?”

पद्मजा हसली. म्हणाली, एकच माणूस आहे, आमच्या वैजयंताचे वडील. पण मोमीन हसले नाहीत. त्यांनी फोटो उचलून कापडावर ठेवला.

फोटोतल्या म्हाताऱ्याचे कान मोडलेले होते. मातीत घासून, दाबून, सुजून, वाळलेल्या जर्दाळूसारखे झालेले पैलवानी कान. नाक एका बाजूला कललेलं. भुवईवर जुनी खोक. कापडावरच्या माणसाचे कान सरळ होते, नाक नीट होतं, खोक नव्हती. डोळ्यांतला गोंधळही पुसला गेला होता आणि ओठांच्या कोपऱ्यात समाधान आलं होतं. एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकाचा चेहरा.

“मी फाइलला हातसुद्धा लावला नाही,” पद्मजा म्हणाली.

“तुम्ही नाही, हेडने लावला. मी त्याला एवढंच शिकवलं होतं की दोष झाकायचा. दोष म्हणजे काय, हे ते तुमच्या गिऱ्हाइकांकडून शिकलं. लोकांनी रेघ आली म्हणून कापड परत केलं, तसंच डोळ्यांखाली काळं दिसतं म्हणूनही केलं असणार. कांजिण्यांचे वण दिसले म्हणून केलं असणार. त्याच्या लेखी दोन्ही सारखंच.”

“मग ते शिकणं बंद करा ना. काहीतरी बटण असेल.”

“बटण नाही, ताई. स्वयंपाक्याला आज तिखट कमी घाला असं सांगता येतं, पण त्याच्या जिभेची सवय काढून घेता येत नाही. ठसा स्फटिकातच आहे. हेडच काढावं लागेल.”

पद्मजाने वाळत घातलेल्या बाकीच्या कापडांकडे पाहिलं. एक नवरदेव, एक आमदार, एक बारशाचं बाळ. ती त्या सगळ्यांना ओळखत होती. ते असेच दिसतात, असं तिला आत्तापर्यंत अगदी खात्रीनं वाटत होतं.

आमदारांचा वाढदिवस तोंडावर होता आणि यंत्र उघडायचं म्हणजे ती कामं सोडायची. तिने सोडली. मोमीनांनी प्रयोगशाळेतून जुन्या पद्धतीचं साधं हेड मागवून घेतलं. ते बसवणं सोपं नव्हतं. शिकाऊ हेडची खाच वेगळी, तारा वेगळ्या, विजेचा दाब वेगळा. दोघांनी मिळून ॲल्युमिनियमची नवी पट्टी कापून घेतली, शाईच्या नळ्या बदलल्या, हेड कागदाच्या जाडीइतकं वर-खाली करत सरळ केलं. काढलेलं हेड वाळून निकामी होऊ नये म्हणून धुण्याच्या द्रावात झाकून ठेवलं. पहिलं कापड निघालं त्यावर तीन पांढऱ्या रेघा होत्या. पण त्या रेघांमागून बाळगोंडा मगदूम पाहत होते, मोडक्या कानांसकट.

वैजयंताने ते कापड पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. आधीची इतकी कापडं स्वतःच्या हाताने बांधली आणि आपल्याला कळलं कसं नाही, असं तिने विचारलं.

मोमीनांच्या गाडीतून तिघं निघाले. जुनं उतरवत, नवं बांधत कागवाडला पोहोचले तेव्हा ऊन कलत आलं होतं. तिथे गंगव्वा नावाच्या बाईंचं चहाचं हॉटेल होतं. दाराशीच जुनं कापड टांगलेलं. मोमीनांनी ते सोडून नवं बांधायला घेतलं. गंगव्वा बघत राहिल्या. मग त्यांनी मान मागे वळवली, पुन्हा कापडाकडे पाहिलं आणि सावकाश म्हणाल्या,

“हे तर आमचे मामा की हो.”

आत बाकावर बाळगोंडा लसूण सोलत बसले होते. आले तेव्हा उपाशी होते, नाव-गाव सांगता येईना, म्हणून गंगव्वांनी ठेवून घेतलं होतं. दाराशी टांगलेलं कापड त्या रोज झटकत होत्या. बाळगोंडाही रोज ते बघत. बिचाऱ्याच्या घरचे वाट बघत असतील, लवकर सापडू दे, असं म्हणून हात जोडत.

वैजयंता जाऊन त्यांच्यासमोर उकिडवी बसली. “आप्पा.”

त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. ओळख पटायला वेळ लागला. मग ते म्हणाले, “केवढी वाळलीस. गंगव्वा, हिला आधी खायला द्या.”

त्या संध्याकाळी सगळ्यांनी तिथेच जेवून घेतलं. गंगव्वांनी पैसे घेतले नाहीत. निघताना बाळगोंडांनी लसणाची टोपली बरोबर मागितली, अर्धवट काम टाकून जाणं त्यांना पटेना.

आता साधंच हेड ठेवायचं, असं पद्मजाने ठरवलं. महिनाभरात गिऱ्हाइकं भांडायला आली. नवरदेवाची आई म्हणाली, माझ्या मुलाच्या तोंडावर हे काय उठवलंत. आमदारांच्या माणसाने शाई निकृष्ट आहे असं सुनावलं. चेहरा होता तसा आलाय, हे कुणी मानायला तयार नव्हतं, कारण बाकीच्या दुकानांत तो तसा येत नव्हता. शेवटी मोमीनांनी अशी खाच बनवून दिली की चहा होईस्तोवर एक हेड काढून दुसरं बसवता यावं. पद्मजा दोन्ही हेडांवर नमुना छापून समोर ठेवू लागली. खरं कुठलं तेही सांगे. लोक आधी ठासून म्हणत, आम्हाला खरंच पाहिजे. मग दोन्ही बघत, थोडे घुटमळत आणि शिकाऊ हेडचं घेऊन जात. हे मोमीनांना फोनवर सांगताना तिला हसू येई.

बाळगोंडांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली तेव्हा वैजयंता वाढदिवसाचं कापड छापायला आली. घरातल्या भिंतीवर कायमचं लावायचं होतं. पद्मजा म्हणाली, तुला विचारायला नको, साध्यावर छापते. वैजयंता म्हणाली, दोन्ही बघू तरी.

दोन्ही कापडं टेबलावर आली. मोडक्या कानांवरून वैजयंताने बोट फिरवलं. मग दुसरं कापड आपल्याकडे ओढलं.

“अक्का, हे द्या.”

“अगं, त्या कानांमुळे तर ते सापडले.”

“माहीत आहे.” वैजयंता शांतपणे म्हणाली. “पुन्हा हरवले तर ते छापू. घरात आहेत तोवर हे असू दे.”

पद्मजाने कापडाची घडी घालून दिली. वैजयंता खुशीत पेढ्यांचा पुडा ठेवून गेली.

टेबलावर मोडक्या कानांचं कापड तसंच राहिलं होतं. ते पिशव्या शिवणाऱ्या बाईंच्या गठ्ठ्यात टाकायला पद्मजाने उचललं आणि थांबली. मग त्याचीही नीट घडी केली आणि कपाटात ठेवून दिलं, लागलं तर हाताशी येईल असं.