सात नंबरचा झेंडा

"आपला किल्ला कुणीतरी पोखरलाय!" लंबू ओरडला.

त्याच्या दोघी बहिणी, शंकासूर आणि टिकली, धावत आल्या. आत्याचं शेततळं खणताना निघालेल्या पिवळ्या मातीचा ढीग हा या भावंडांचा सुट्टीतला किल्ला. त्याच्या पायथ्याशी फावड्याचे ताजे घाव होते.

"माती तपासणारे काका!" टिकली म्हणाली. "पण त्यांना तर शेतात खुणेच्या बारा झेंड्यांजवळ खणायचं होतं ना?"

"आणि वीस मिनिटांत बारा पिशव्या भरून स्वारी चहालासुद्धा बसली!" शंकासुरने नाक मुरडलं.

तिघं शेतात पळाली. झेंड्यांजवळचा पालापाचोळा जागचा हललेला नव्हता. खड्डा एकही नाही!

लंबूचा चेहरा उतरला. आत्याने चार वर्षं जमीन नांगरली नव्हती. पिकाचा पाला रानातच कुजू दिला, की त्यातला कार्बन मातीत मुरतो आणि तीच माती दुष्काळात पाणी धरून ठेवते, असं ती सांगायची. आतोबांना ते पटत नव्हतं. "या अहवालात कार्बन वाढलेला दिसला नाही, तर नांगर घालणार," असं त्यांनी बजावलं होतं. आणि तळ्याच्या खोल मातीत कार्बन येणार कुठून!

"चला, सांगून टाकू!" टिकली म्हणाली.

"ते सरळ कानांवर हात ठेवतील. त्यांनाच बोलतं करू," शंकासूर म्हणाली. "पण मग आपलंही बिंग फुटेल."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. लंबू धावत जाऊन किल्ल्यावर चढला आणि काहीतरी सदऱ्याखाली लपवून उतरला.

स्वयंपाकघरात आत्या आणि आतोबांसोबत बसून काका चहात बिस्कीट बुडवत होते.

"काका, सात नंबरच्या झेंड्याजवळ गांडुळं होती?" शंकासुरने विचारलं.

"पुष्कळ! अगदी झेंड्याच्या बुडाशी!"

लंबूने सदऱ्याखालून झेंडा काढून टेबलावर ठेवला. त्यावर ठसठशीत सात होता.

"हा आम्ही परवाच पळवला. तुम्ही ढीग खणत होतात, तेव्हा तुमच्या डोक्यावरच फडकत होता!"

आत्याने डोळे वटारले. झेंड्यांना हात लावाल तर दुसऱ्याच दिवशी घरी पाठवीन, अशी तिची ताकीद होती.

"पोरांचं काय ऐकता! माती ती माती," काका गडबडले.

शंकासुरने पाण्याचे दोन ग्लास मांडले. काकांच्या पिशवीतलं ढेकूळ पाण्यात पडताच विरघळलं. टिकलीने शेतातून उचलून आणलेलं, पाला मुरलेल्या मातीचं ढेकूळ मात्र घट्ट राहिलं. आतोबांनी तो दुसरा ग्लास उचलून उजेडात धरला.

"फावडं उचला," ते काकांना म्हणाले. "या वेळी आम्ही सोबत येतो."

भर उन्हात बारा खड्डे झाले. टिकलीने ते मोठ्याने मोजले!

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी अहवाल आला. कार्बन वाढला होता. आतोबांनी तो दोनदा वाचला आणि नांगरावर ताडपत्री घातली.

"झेंडा पळवलात ती चूकच," आत्या म्हणाली. "पण सुट्टी बुडेल हे माहीत असूनही खरं बोललात. माझं शेत वाचवलंत रे पोरांनो!"

 मग ती स्वतः ढिगावर चढली आणि सात नंबरचा झेंडा तिने पुन्हा किल्ल्यावर रोवला.