घोडी नसलेलं व्हायोलिन

"पाच दिवस झाले, जूनी गुणगुणत नाही," डॅरिल म्हणाला. "घर कसं मेल्यासारखं वाटतंय."

सायकली ग्रंथालयाच्या भिंतीला टेकवून तिघं बसली होती. तेरा वर्षांचा डॅरिल, त्याची आठ वर्षांची बहीण जूनी आणि शेजारची हायसिंथ. हायसिंथच्या तोंडाला कुलूप कधीच नसायचं.

एरवी जूनी फ्रिजच्या घुरघुरीतसुद्धा सूर शोधायची. व्हायोलिनच्या शिकवणीची फी आईच्या आवाक्याबाहेर होती. म्हणून लाँड्रीत लावलेली चिठ्ठी वाचून घरात सण झाला होता. व्हायोलिनचे ट्रॅस्क सर दरवर्षी एका मुलाला फुकट शिकवणार, खर्च गावातल्या श्रीमंत ओल्डरिचबाईंचा! जूनीची निवड झाली. पहिल्या दिवशी सरांनी मखमली कोट घालून, हातात व्हायोलिन देऊन तिचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "तुला सुरांचा कानच नाही. तुझ्यापेक्षा मांजर बरं गातं." आणि दार लावून घेतलं.

"पण कान नाही हे त्यांना कळलं कसं? वाजवायला काय दिलं?" हायसिंथनं विचारलं.

"फोटोतलंच व्हायोलिन," जूनी म्हणाली. "पण ते वाजतच नाही. त्याला घोडी नाही."

"घोडी? मग शेपूट तरी आहे का?"

"तारा उचलून धरते ना, ती लाकडी पट्टी गं. ती नसली की तारा नुसत्या लोळतात."

डॅरिल उठला. कोटाचं बटण परत करायचंय अशी थाप मारून तिघं सरांच्या घरात शिरली. भिंतीवर गेल्या सहा वर्षांतल्या सहा मुलांचे फोटो होते, खाली नावांसह. कोट तोच, व्हायोलिन तेच, आणि एकाही फोटोत घोडी नव्हती! शेजारी ओल्डरिचबाईंच्या शनिवारच्या मेजवानीची निमंत्रणपत्रिका लटकत होती.

पहिल्या फोटोतला कॉर्बेट आता सतरा वर्षांचा होता आणि सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरायचा.

"मलाही मांजराचंच सांगितलं होतं," अंड्यांचा डबा पिशवीत ठेवत तो म्हणाला. "पाच वर्षं झाली. तेव्हापासून मी शिट्टीसुद्धा वाजवलेली नाही."

बाकीची मुलंही जवळच्याच गल्ल्यांत सापडली. प्रत्येकाला तेच वाक्य तोंडपाठ होतं.

शनिवारी ओल्डरिचबाईंच्या बागेत पाहुणे आइस्क्रीम खात होते. सरांनी सहा फोटो ओळीनं मांडले होते आणि पुढच्या टेबलावर ते व्हायोलिन.

"यंदाची मुलगी दिसत नाही?" बाईंनी विचारलं.

"टेक्सासला गेली हो. गरिबांचं असंच, एका गावात टिकत नाहीत. आधीची पाचही तशीच गेली."

कुंपणामागून सहाजण निघाले आणि आपापल्या फोटोशेजारी जाऊन उभे राहिले. बागेतले चमचे थांबले.

"मी टेक्सासला कधी गेले?" जूनीनं विचारलं.

सरांचा चेहरा उतरला. "बाई, सरांना हे वाजवायला सांगा ना," मागोमाग आलेली हायसिंथ गोड आवाजात म्हणाली.

"ते... ते शोभेचं आहे," सर पुटपुटले.

बाईंनी स्वतःच गज हातात घेऊन ओढला. लोळलेल्या तारा लाकडावर नुसत्या खरखरल्या, बस्स. दरवर्षी त्या फोटोंकडे कौतुकानं बघत आल्या होत्या, पण एकदाही त्यांनी मुलाला वाजवायला सांगितलं नव्हतं. आता मात्र सहा वर्षांची फी खिशात घालणाऱ्या सरांना त्यांनी सगळ्यांदेखत फाटकाचा रस्ता दाखवला.

"शाब्बास रे पोरांनो! आता सहाही जणांना खरा शिक्षक मिळेल. फी माझी!" बाई म्हणाल्या आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"मी आता सतरा वर्षांचा आहे," कॉर्बेट हळूच म्हणाला. "मला जमेल का?" टाळ्यांत ते कुणाला ऐकूच गेलं नाही.

"चला, याचा एक फोटो झालाच पाहिजे!" बाई उत्साहात म्हणाल्या. "जूनी, बाळा, ते व्हायोलिन धर बरं हातात."

जूनीनं दोन्ही हात पाठीमागे लपवले.