पाठमोरी बैठक

कर्जतहून कडावकडे जाणाऱ्या गाडीवाटेच्या डाव्या हाताला एक लहानसे तळे होते. आबाजी ओव्हरसियर असताना त्यांनीच दोन टेकड्यांमधला ओढा अडवून, दगडी बांध घालून ते तयार केले होते. तंत्रशाळेत शिकलेल्या माणसाची नजर निवृत्तीनंतरही निवृत्त होत नाही. सकाळी फेरफटक्याला निघाले की पाझर कुठे वाढला आहे, कुठल्या सांध्यातला चुना सुटला आहे, हे पाहतच ते बांधावरून चालत. बांधाशेजारची कामाच्या वेळची जुनी चौकी त्यांनी पुढे विकत घेतली, तिच्यावर मंगलोरी कौले चढवली आणि ओट्यापासून पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या बांधून घेतल्या.

हे घर त्यांनी लिहिणाऱ्यांसाठी उघडे ठेवले होते. भाताची कापणी उरकून खळी रिकामी झाली की दोघेचौघे पाहुणे येत. येणाऱ्याने आपले अंथरूण आणावे आणि काय लिहायचे, किती लिहायचे, की नुसते पाण्याकडे पाहत राहायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. आबाजी खोली देत, जेवण देत आणि कागद देत. लढाई चालू असल्यामुळे बाजारात कागद मिळणे मुश्कील झाले होते. पण आबाजींकडे रद्द झालेल्या नकाशांची भेंडोळी होती. त्यांचे तुकडे कापून ते वाटत आणि पाहुणे कोऱ्या पाठीवर लिहीत. कागद जाड होता. नुसता हातात धरला तरी वाजायचा.

ओव्हरसियराला हा नाद कसा लागला, असे कुणी विचारले तर आबाजी विषय बदलत. कारण सांगायचे म्हणजे चंद्राबाईंविषयी बोलावे लागले असते.

चंद्राबाई त्यांची पत्नी, कळंबकडच्या. अक्षरओळख नव्हती, पण सुपात तांदूळ निवडता निवडता त्या मनाच्या कथा रचून सांगत. आबाजींची सारी नोकरी तंबूत आणि कामगारांच्या गलबल्यात गेली. कथा रंगात आली की कुणीतरी मुकादम हाक मारी आणि ती तिथेच तुटे. शेवटची कथा तर तापाने तोडली. एक बाई नेरळच्या बाजारातून नवऱ्यासाठी कंदिलाची काच घेऊन निघते. पेंढ्यात गुंडाळलेली काच डोक्यावरच्या गाठोड्यात. तळ्याशी पोहोचते तो दिवस कलायला लागलेला, पैलतीरी घर दिसते आहे आणि नावाडी नाही. ती काठावर उभी राहते. कथा एवढ्यावर थांबली आणि आठवड्याने चंद्राबाई गेल्या.

ही कथा आबाजींनी कुणालाही सांगितली नव्हती. अलीकडे त्यांना एका गोष्टीची मनातून धास्ती वाटू लागली होती. कथेतला शब्द न् शब्द आठवत होता, पण ती सांगणारा आवाज आठवेनासा झाला होता.

घराची एकच रीत होती, संध्याकाळची बैठक. सूर्य माथेरानच्या डोंगराआड उतरू लागला की सर्वांनी पायऱ्यांवर येऊन पाण्याकडे तोंड करून बसायचे. ज्याला आपले लिखाण ऐकवावेसे वाटेल त्याने मागे ओट्यावर उभे राहून वाचायचे. ऐकणाऱ्याने वळून पाहायचे नाही, वाहवा करायची नाही आणि नंतर कुणाचे होते हेही विचारायचे नाही. नवा लिहिणारा लोकांच्या चेहऱ्यांना भितो, तेव्हा त्याच्यापुढे पाठी असाव्यात, असा आबाजींचा हिशेब होता. पाहुणे सभ्य होते. रीत कुणी मोडली नव्हती.

त्या वर्षी तिघे आले. खालापूरकडचा हिरामण जत्रेतल्या मंडळींसाठी नाटके लिही. येसाजी मास्तर एका किल्ल्यावर कादंबरी रचत होते. तिसरी सुंदरा, नेरळच्या मुलींच्या शाळेतली तरुण शिक्षिका. ती प्रथमच आली होती आणि फारसे बोलत नसे.

"मास्तर, पडला का तुमचा किल्ला?" हिरामणने जेवताना विचारले.

"तुमचा राजा आधी मरू द्या. तीन अंक झाले, नुसता कण्हतोय."

"मरंल कसा? त्याचं काम मीच करनार हाय."

"आन् भाकरी निवतात त्या?" वाढायला उभी असलेली सोनाबाई म्हणाली. ती कडावची, घरातला स्वयंपाक तिच्याकडे होता. "जेवा रं बाबांनो. राजा काय उपाशी मरत नाय."

त्याच संध्याकाळी ओट्यावरून एका बाईचा आवाज आला.

"आणि मग तिनं गाठोडं खाली उतरवलं. पेंढा चाचपून बघितला. काच शाबूत हाय."

आबाजींचा हात गुडघ्यावर होता तिथेच राहिला.

आवाज खालच्या पट्टीतला, आजारातून उठलेल्या माणसासारखा बसलेला होता. घाई नव्हती. बाई काठाने चालू लागली. वाटेत कारवीचे रान आले, तिचा पदर अडकला, तिने तो सोडवला. पैलतीरीच्या घरात दिवा लागलेला नव्हता. एवढ्यावर वाचन थांबले. पायऱ्यांवरची माणसे रीतीप्रमाणे काही न विचारता उठली.

आबाजींनी रात्री या गोष्टीचा विचार एखाद्या गळतीचा करावा तसा केला. हिरामण आणि मास्तर पायऱ्यांवर होते. सुंदरा नव्हती, म्हणजे वाचणारी तीच. तिने ही कथा कुठे ऐकली असेल? चंद्राबाईंनी माहेरी कुणाला सांगितली असेल काय? पण ती तर तापाच्या अगदी आधी रचलेली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुंदराला तिच्या नात्यातली माणसे विचारली. कळंबमध्ये तिचे कुणी नव्हते.

दुसऱ्या संध्याकाळी बाई बांधाशी पोहोचली.

"बांधावर एक दगुड डगमगत होता. तिला ठाऊक होतं कोन्ता. त्यानंच दावला होता, काम चालू व्हतं तवा. तिनं त्याच्यावरून पाय उचलून टाकला."

तो दगड खरोखरच होता. चंद्राबाई असताना आबाजींनी तो त्यांना दाखवला होता, हसून, आपल्याच कामातली खोट म्हणून.

आणि त्याच क्षणी त्यांच्या लक्षात आले की कागद वाजत नाही. हिरामण वाचताना, मास्तर वाचताना नकाशाचा तो जाड कागद प्रत्येक ओळीला करकरे. इथे नुसता आवाज होता.

सुंदरा परवा सकाळच्या गाडीने जाणार होती. कथेतली बाई बांध ओलांडून आली होती आणि घर आता हाकेच्या अंतरावर होते. शेवट ऐकायचा राहून गेला तर तो आपल्याला पुन्हा मिळणार नाही, या विचाराने आबाजी अस्वस्थ झाले. त्यांनी स्वतः घातलेली रीत स्वतः मोडली. सकाळी विहिरीपाशी सुंदरा दिसली तेव्हा ते म्हणाले,

"बाई, विचारू नये. पण तुमची ती कंदिलाच्या काचेची कथा..."

सुंदरा गोंधळली. "माझी कुठली? मी अजून काहीच वाचलं नाही, आबा. धीरच होत नाही."

"मग संध्याकाळी तुम्ही कुठे असता?"

"बांधाच्या टोकाला करंजाखाली बसते. तिथून छान ऐकू येतं." तिने घागर कडेवर घेतली. "मला वाटलं, तुमच्या घरातल्याच कुणी आहेत. मुद्दाम ओळख करून दिली नसेल. विचारायचं नाही अशी रीत आहे ना?"

आबाजी तडक घराकडे वळले. त्यांनी आत जाऊन हिरामणला विचारले. तो सुंदराचेच लिखाण समजत होता. मास्तरही तेच समजत होते. सोनाबाई चुलीपाशी वाकून फुंकर मारत होती.

"मी? मला लिवाय कुठं येतंय! आन् त्या वख्ताला मी मागल्या दारी भांडी घासत असते. मी तर म्हन्ते, ही मास्तरीनबाई किती आपल्यावानी बोलते."

सगळे सभ्य होते. प्रत्येकाने आवाज दुसऱ्याच्या नावावर जमा केला होता आणि कुणीही वळून पाहिले नव्हते.

त्या संध्याकाळी आबाजींनी सर्वांना एका रांगेत बसायला सांगितले. कारण सांगितले नाही. मधल्या पायरीवर हिरामण, मास्तर, सुंदरा आणि सुंदराला लागून ते स्वतः. सोनाबाईलाही बोलावून घेतले; ती तांदळाचे सूप मांडीवर घेऊन खालच्या पायरीवर बसली. घराची दोन्ही दारे आबाजींनी आपल्या हाताने लावली होती.

"आज काय, फोटो काढनार का काय?" हिरामण पुटपुटला.

सूर्य डोंगराआड गेला. पाणी आधी तांबूस, मग राखाडी झाले. पलीकडच्या खळ्यावर कुणीतरी बैलांना हाकारत होते, तो आवाजही थांबला.

"ती अंगनात आली," मागून आवाज आला.

सोनाबाईचा हात सुपात थांबला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. हिरामणने एकेकाकडे पाहिले, मनातल्या मनात माणसे मोजली आणि तो पाण्याकडे पाहू लागला.

"दारं लावलेली. पन तो भायेर बसला व्हता, पान्याकडं बघत. ती त्याच्या मागं हुबी ऱ्हायली. हाक मारावी का, असं तिच्या मनात आलं. मग म्हनली, नगं. दचकंल."

आबाजींना आता तो आवाज ओळखू येत होता. बसलेला, थकलेला, पण तोच. डोळे भरून आले आणि पाणी दिसेनासे झाले. वळून पाहण्याची इच्छा मानेपर्यंत आली. त्यांनी गुडघे घट्ट धरले. कथा सांगताना चंद्राबाईंना मध्येच कुणी अडवलेले त्यांनी जन्मभर पाहिले होते. आज अडवणारे ते स्वतः होणार नव्हते.

"लई लांबून आली व्हती ती. तळ्याला वळसा घालून. पाय भरून आले व्हते."

आवाज थांबला.

आबाजी वाट पाहत राहिले. शेवट अजून व्हायचा होता. मागे पावलांचा आवाज नाही, श्वासाचा नाही.

"पुढं?" ते पाण्याकडे पाहतच हळूच म्हणाले. "सांग. मी बसलोय."

अंधार पडू लागला होता.

तेव्हा सुंदराने मान वळवली.

आबाजींना ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसले. ती किंचाळली नाही, उठली नाही. ओट्याकडे ती क्षणभर पाहत राहिली. मग घरातल्या थोरल्या बाईसमोर घ्यावा तसा तिने डोक्यावरून पदर घेतला आणि मास्तरांच्या बाजूला सरकून, आपल्या आणि आबाजींच्या मध्ये, एका माणसाला पुरेल एवढी जागा करून दिली.