रुमालाखालचा पगार

नोकरी पत्करण्याआधी मी कंपनीची चौकशी केली, तीही लग्नाचं स्थळ बघावं इतकी कसून. पुण्याहून बावीस हजारांचं बोलावणं आलं होतं आणि संध्याकाळी पाचपर्यंत तिकडं कळवायचं होतं. पण तासगावची ही बेदाण्याची कंपनी आमच्या कुंडलपासून जवळ. इथं जमलं तर घर सुटणार नव्हतं आणि अन्नतंत्रज्ञानाची पदवीही कामी येणार होती. मी नुसती हरखून गेले होते.

नोंदणी बघितली, परवाने बघितले, नेटवरचे अभिप्राय वाचले. सगळं चोख. मग नोकरी सोडलेलं कुणी सापडतंय का ते शोधलं, कारण खरं तेच सांगतात. कंपनीच्या अठरा वर्षांत एकानंही सोडली नव्हती. मला आणखीच आनंद झाला!

तिथं बेदाणा निवडणाऱ्या बनुबाई आमच्याच गल्लीतल्या.

"मावशी, मालक कसे आहेत?"

"लय चांगलं. पगाराला कवा उशीर न्हाई."

"मग कुणीच कसं सोडत नाही?"

त्यांनी माझा उजवा हात उलटासुलटा करून पाहिला. "सुटत न्हाई गं," म्हणाल्या आणि दळण आणायला उठल्या.

पुण्याला कळवायच्या दिवशीच दुपारी दोनला मी कंपनीच्या ऑफिसात पोचले. शीतगृहाची घरघर, बेदाण्याला दिलेल्या गंधकाचा उग्र वास. मालक भाऊसो पन्नाशीचे, बोलायला गोड.

"पगार आमी सौद्यावानी ठरवतो," ते हसले.

टेबलावर मोठा पांढरा रुमाल होता. बाजारात असाच रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, बघणाऱ्यांना कळत नाही. मला गंमत वाटली. मी हात आत घातला.

आत बोटं भेटली. गारठलेली. त्यांनी आधी माझी दोन बोटं दाबली, मग पाचही.

पंचवीस हजार!

"चालेल!" मी जवळजवळ ओरडलेच. उजवा हात अजून आतच होता, म्हणून डाव्या अंगठ्यानं मोबाईलवरून पुण्याला नकार धाडून दिला.

चहा आला. भाऊसोंनी एका हातात बशी घेतली, दुसऱ्या हातात कप.

माझी बोटं कुणीतरी धरलेलीच होती.

मी हात ओढून पाहिला. "भाऊसो, माझा हात..."

"ठरलं न्हवं?" बशीवर फुंकर घालत ते म्हणाले. रुमालाकडं त्यांनी पाहिलं नाही.

आतल्या हातानं पुन्हा दाबायला सुरुवात केली. एक बोट. दोन. तीन.

पगार तर ठरला होता.