खाऱ्यावरचं गोडं पाणी

माझ्या बाकीच्या गोष्टींत मीठमसाला असतो, कबूल. ह्या गोष्टीत चिमूटभर बी न्हाई. माझ्या चुलत जावेला, गुरम्माला इचारा.

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हाचा दुष्काळ. जळकोटाजवळचं आमचं गाव. भर दुपार.

गुरम्माचा नवरा गुरुलिंग विहिरी खोदायचा. ठेकेदारानं त्याला पार समुद्रातल्या बेटावर नेलं होतं.

परत आले ते नुसते सोबती.

ते सांगत होते, बेट म्हंजे पोवळ्याच्या खडकाचं कडं. आत हिरवं, निवांत पाणी. बाहेर समुद्र आपटून राहिलेला. कड्यावर पांढऱ्या वाळूची पट्टी, एक बिडी इझायच्या आत चालून संपणारी. माणूस न्हाई, नुसती पाखरं. पण वाळू गुडघाभर उकरली की गोडं पाणी! खाऱ्यावर तरंगणारं, दुधावरच्या साईवानी.

नावाडी म्हणला होता, खोल जाऊ नको.

पण गुरुलिंग आपल्याकडचा. पाणी लागलं की अजून हातभर खाली, हीच सवय.

साय फाटली. खड्डा खारा झाला. अन् होडी लवकर आलीच न्हाई.

त्यानं आपल्या वाटणीचं पाणी सोबत्यांना पाजलं, अन् खडकावरून समुद्राकडं चालत गेला...

मढं सापडलं न्हाई. म्हणून गुरम्मा कुंकू लावतच राहिली. येतीलच ते, म्हणायची.

त्या दुपारी तिचा दीर गुरुपादप्पा आटलेल्या विहिरीत खणून राहिला होता. ती काठावर. बुडाला ओल लागली. तो हरखला. अजून दोन हात जातो, म्हणला, अन् घाम पुसायला थांबला.

खणल्याचा आवाज थांबला न्हाई.

खण्... खण्...

मग तो आवाजही थांबला.

अन् तिच्या कानापाशी... कोरड्या घशाचा आवाज.

"बास, गुरम्मा. खोल नको."

"भाऊजी, वर या," ती म्हणली. "तुमचे दादा आलेत."

"वहिनी, ऊन लागलं व्हय डोक्याला?"

पण तिचं तोंड बघून तो गुमान वर आला.

ओलीत पाणी साचलं. गोडं. पहिला तांब्या तिनं काठावर ठेवला, अन् पाठ फिरवली.

घोट... घोट... घोट...

वळून बघती तर तांब्या कोरडा. भोवती पांढरी वाळू. आमच्या काळ्या रानात!

गुरम्मानं पदरानं कुंकू पुसलं. तवा कुठं ती रडली.

ती विहीर अजून तेवढीच उथळ हाय. पाणी मी बी पिते. पण भांडं काठावर ठेवलं की माझी पाठ आपोआप फिरती...

अन् वळून बघायचं धाडस होत न्हाई.